स्नायू ओळखावा कसा?

माणसाच्या शरीरात सहाशेहून अधिक अस्थिस्नायू आहेत आणि प्रौढ पुरुषाच्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा त्यांचाच असतो, स्त्रियांमध्ये तो काहीसा कमी भरतो. तरीही दंडातली बेटकुळी, मांडी आणि पोटरी यांपलीकडे स्वतःच्या शरीरातील स्नायूंची नावे फारच थोड्यांना सांगता येतात. शालेय तक्त्यावर स्नायू लाल रंगात, एकमेकांपासून काळ्या रेघांनी वेगळे काढून दाखवलेले असतात, पण प्रत्यक्षात ते त्वचा, चरबी आणि प्रावरणी नावाच्या पांढरट, चिवट आवरणाखाली थरांवर थर होऊन बसलेले असतात, आणि विच्छेदनाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या नवख्या विद्यार्थ्यालाही एक स्नायू कुठे संपला व दुसरा कुठे सुरू झाला हे चटकन उमगत नाही. म्हणूनच स्नायू ओळखण्याची जी रीत शरीररचनाशास्त्रात रुळली आहे ती त्याच्या दिसण्यावर फारशी विसंबत नाही. स्नायू कोणत्या हाडावरून निघतो, कोणत्या सांध्यावरून जातो, कोणत्या हाडाला जाऊन धरतो आणि आखडल्यावर काय हलवतो, या चार गोष्टी कळल्या की स्नायू ओळखला असे समजावे. नाव हा त्यानंतरचा तपशील झाला.

येथे विचार आहे तो अस्थिस्नायूंचा, म्हणजे हाडांना जोडलेल्या आणि इच्छेनुसार हलवता येणाऱ्या स्नायूंचा. हृदयाची भिंत ज्याची बनते तो हृदयस्नायू आणि आतडी, रक्तवाहिन्या, गर्भाशय यांच्या भिंतींतील मृदू स्नायू हे निराळे, कारण त्यांच्यावर माणसाची इच्छा चालत नाही. अस्थिस्नायूचा मधला मांसल भाग आकुंचन पावतो आणि टोकांकडे तो बहुधा कंडरेत, म्हणजे फारशा न ताणणाऱ्या पांढऱ्या दोरीवजा ऊतीत, रूपांतरित होऊन हाडाला चिकटतो. हालचालीत तुलनेने स्थिर राहणाऱ्या हाडाकडच्या टोकाला उगम आणि ओढल्या जाणाऱ्या हाडाकडच्या टोकाला निवेश म्हणतात. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही, त्यामुळे सांध्याच्या एका बाजूला वाकवणारा स्नायू असेल तर उलट बाजूला सरळ करणाराही असावाच लागतो, आणि एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तरी अनोळखी स्नायूचे काम निम्मे तर्काने सांगता येते.

हे सूत्र आज सोपे वाटले तरी तिथवर पोचायला फार काळ जावा लागला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या अंगी ५०० पेशी, म्हणजे आजच्या भाषेत स्नायू, असल्याचे सांगून त्यांपैकी ४०० हातापायांत, ६६ धडात आणि ३४ मानेपासून वर अशी वाटणी केलेली आहे. शव पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावे आणि मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने एकेक थर हळूहळू खरवडत पाहावे, अशी रीतही तिथे दिली आहे. या रीतीने त्वचेपासून आतपर्यंतचे थर नीट दिसत असले तरी कुजून सैल झालेल्या मांसात एखाद्या स्नायूची दोन्ही टोके निश्चित करणे अवघडच होते, आणि शवविच्छेदनाची परंपरा पुढे खंडित झाल्यामुळे ती मोजदाद तिथेच थांबली. युरोपात दुसऱ्या शतकातील गॅलेन या वैद्याची मते प्रमाण मानली जात, पण त्याची विच्छेदने प्रामुख्याने माकडांची आणि इतर प्राण्यांची होती. १५४३ साली पादुआ विद्यापीठातील आंद्रेआस व्हेसेलियस याने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी बासेल येथे मानवी शरीररचनेवरचा आपला प्रचंड ग्रंथ छापवून घेतला तेव्हा हे चित्र बदलले. त्यातील स्नायूंच्या चित्रमालेत एक माणूस उघड्या माळरानावर उभा असतो आणि प्रत्येक पुढच्या चित्रात त्याच्या अंगावरचा एकेक थर सोलून लोंबत ठेवलेला दिसतो. व्हेसेलियसने स्नायूंना नावांऐवजी बहुतांशी क्रमांक दिले होते. नावे देण्याचे बरेचसे काम त्याचाच पॅरिसमधील गुरू आणि पुढे कडवा विरोधक झालेला सिल्व्हियस याने केले. नंतर लेडन येथील आल्बिनस या प्राध्यापकाने १७४७ साली यान वान्डेलार या चित्रकाराकडून स्नायूंच्या इतक्या काटेकोर पट्टिका करवून घेतल्या की आजच्या पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांवरही त्यांची छाप जाणवते. त्यांतील दोन पट्टिकांत मानवी आकृतीच्या मागे एक गेंडा निवांत चरत उभा आहे. ती भारतातून हॉलंडला नेलेली क्लारा नावाची मादी होती आणि शरीररचनेशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

या साऱ्यांनी स्नायूंच्या जागा सांगितल्या, पण स्नायूचे काम त्याच्या जागेवरून अनुमानानेच ठरवले जात होते. ते प्रत्यक्ष पडताळून पाहिले फ्रान्समधील ड्यूशेन या वैद्याने. त्याने त्वचेवरून विजेचा प्रवाह देऊन एकेका स्नायूला सुटे आकुंचन करायला लावले आणि १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवरचा व १८६७ साली शरीराच्या हालचालींवरचा ग्रंथ लिहिला. मनापासूनच्या हसण्यात ओठांचे कोपरे वर ओढणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायूही आखडतो आणि नुसत्या शिष्टाचाराच्या हसण्यात तो आखडत नाही, हे निरीक्षण त्याचेच; त्याने काढलेली छायाचित्रे डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावरील आपल्या पुस्तकात वापरली. ड्यूशेनचे त्याहून महत्त्वाचे सांगणे असे की निसर्गात कोणताही स्नायू एकटा काम करत नाही, आणि स्नायू ओळखणाऱ्याने हे सदैव ध्यानात ठेवावे लागते.

आता ही रीत डोक्यापासून पायापर्यंत लावून पाहू. चेहऱ्याचे स्नायू हाडाकडून निघून बहुधा त्वचेतच शिरतात, म्हणून ते सांधा न हलवता फक्त मुद्रा बदलतात. चावण्याचे दोन मोठे स्नायू मात्र सहज सापडतात. दात घट्ट आवळले की जबड्याच्या कोपऱ्यापाशी जो चौकोनी उंचवटा टणक होतो तो मॅसेटर, आणि त्याच वेळी कानशिलावर बोट ठेवले असता जो हलतो तो टेम्पोरॅलिस. मानेवर सर्वांत ठळक दिसतो तो कानामागच्या हाडापासून छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत तिरपा उतरणारा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. चेहरा डावीकडे वळवला की उजवीकडचा स्नायू ताठ उभा राहतो, कारण तो कवटीचा मागचा भाग आपल्याकडे खेचून तोंड उलट दिशेला फिरवतो. जन्मतःच हा स्नायू आखूड राहिलेल्या बाळाची मान एका बाजूला कललेली असते.

कवटीच्या मागच्या कडेपासून पाठीच्या मध्यापर्यंतच्या मणक्यांवरून निघून दोन्ही खांद्यांकडे जाणारा ट्रॅपिझियस हा डावा-उजवा मिळून पतंगाच्या आकाराचा दिसतो. खांदे उडवताना त्याचा वरचा भाग काम करतो आणि हमालाच्या मानेजवळ जो जाड वळसा तयार होतो तोही त्याचाच. याच्या बाहेरच्या बाजूला खांद्याला गोलाई देणारा डेल्टॉइड आहे. तो गळ्याजवळचे आडवे हाड आणि खांद्यामागचे त्रिकोणी चपटे हाड, म्हणजे स्कंधास्थी, या दोहोंवरून निघून दंडाच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला मध्याजवळ धरतो. त्याचा पुढचा भाग हात पुढे उचलतो, मधला बाजूला आणि मागचा मागे. हात अंगालगत असताना बाजूला उचलण्याची सुरुवात मात्र स्कंधास्थीच्या वरच्या खोबणीत दडलेला सुप्रास्पायनेटस करतो, आणि खांदेदुखीच्या अनेक तक्रारींचे मूळ या लपलेल्या स्नायूच्या कंडरेत सापडते. भारतात १६ जानेवारी २०२१ पासून कोव्हिडची लस टोचली गेली ती डेल्टॉइडमध्येच. सुई खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटे खाली द्यायची, त्याहून फार खाली नाही, हा नियम त्या स्नायूला चेतना पुरवणारा मज्जातंतू दुखावू नये यासाठी आहे.

काखेच्या दोन कडा चिमटीत धरता येतात. पुढची कडा छातीवरच्या पेक्टोरॅलिस मेजरची, मागची कडा प्रामुख्याने पाठीच्या खालच्या भागातून निघून दंडाच्या हाडाला पुढून धरणाऱ्या लॅटिसिमस डॉर्सायची. दोन्ही तळवे छातीसमोर एकमेकांवर दाबले की पुढची कडा कडक होते, आणि मागची कडा चिमटीत धरून खोकले की ती दचकल्यासारखी आकसते, कारण हा रुंद स्नायू जोराच्या उच्छ्वासातही सामील होतो. मल्लखांबावर किंवा दोरावर चढणाऱ्याचे अंग वर खेचले जाते ते बहुतांशी याच्याच बळावर.

दंडातली बेटकुळी हा सगळ्यांच्या परिचयाचा स्नायू, पण त्याच्याविषयीच गैरसमज अधिक. बायसेप्स, म्हणजे दोन शिरांचा स्नायू, दंडात असूनही दंडाच्या हाडाला कुठेच धरत नाही. त्याची दोन्ही शिरे स्कंधास्थीवरून निघतात आणि खालचे टोक कोपराच्या पुढे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला जाऊन मिळते. त्यामुळे तो कोपर वाकवतो तसाच पालथा तळहात उताणाही करतो. कोपर काटकोनात वाकवून, दुसऱ्या हाताची बोटे बेटकुळीवर ठेवून तळहात पालथा व उताणा केला असता उताणा करताना ती फुगते आणि पालथा करताना सैल पडते, हे कोणालाही अनुभवता येते. उजव्या हाताने स्क्रू आवळताना तळहात याच दिशेने फिरतो, आणि तो हात स्क्रू सोडवण्यापेक्षा आवळण्यात अधिक जोर लावू शकतो त्याचे कारण हेच. कोपर वाकवण्याचा खरा कणा म्हणजे बेटकुळीखाली दडलेला ब्रॅकियालिस. तो दंडाच्या हाडावरून निघून करंगळीच्या बाजूच्या हाडाला धरतो आणि ते हाड फिरत नसल्यामुळे तळहात कसाही असला तरी तो तेवढ्याच ताकदीने वाकवतो. व्यायामशाळेतल्या आरशासमोर त्याला कोणी विचारत नाही, हा त्या बिचाऱ्याचा दोष नव्हे. दंडाच्या मागचा तीन शिरांचा ट्रायसेप्स कोपराच्या टोकाला धरून हात सरळ करतो, म्हणून जोर काढणाऱ्याचे दंड मागून भरतात आणि छाती पुढून.

बोटांच्या लांबीत एकही अस्थिस्नायू नाही, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. बोटे वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली पुढच्या बाजूस आणि सरळ करणारे मागच्या बाजूस असतात व त्यांच्या लांब कंडरा मनगटावरून बोटांपर्यंत जातात. एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग पकडून बोटे पेटी वाजवल्यासारखी हलवली की आत मांस सरकताना जाणवते. अंगठा ताणून मागे नेला की मनगटाच्या कडेला दोन उभ्या कंडरांच्या मध्ये एक खळगा पडतो आणि पूर्वी तपकिरीची चिमूट त्यात ठेवून ओढत असल्याने शरीररचनाशास्त्रात तो तपकिरीच्या डबीच्या नावानेच ओळखला जातो. हातावर पडलेल्या माणसाला नेमके या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर मनगटातल्या एका छोट्या हाडाचा अस्थिभंग झाल्याची शंका डॉक्टर घेतात.

पोटावर मधोमध उभा असलेला रेक्टस अब्डोमिनिस कंडरेच्या आडव्या पट्ट्यांनी विभागलेला असतो, आणि व्यायामशाळेत ज्यांना सिक्स पॅक म्हणतात ते चौकोन त्या पट्ट्यांमुळे पडतात. पट्ट्या सर्वांनाच असतात, चरबीचा थर पातळ असलेल्यांच्या त्या दिसतात इतकेच. श्वासाचा मुख्य स्नायू असलेले श्वासपटल छाती आणि पोट यांच्यामध्ये आडवे पसरलेले असल्याने बाहेरून दिसत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंनी उभे जाणारे इरेक्टर स्पायनी मात्र वाकून सरळ होताना हाताला लागतात.

कमरेखाली शरीरातला सर्वांत मोठा स्नायू, म्हणजे नितंबाला आकार देणारा ग्लूटिअस मॅक्सिमस, आहे, आणि तो सर्वांत आळशीही म्हणावा लागेल. स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाचा हा स्नायू मऊ लागतो, सपाट रस्त्यावर सावकाश चालताना तो फारसे काम करत नाही. जिना चढताना, धावताना, उकिडवे बसून उठताना तो कामाला लागतो. त्याच्या वरच्या बाहेरच्या बाजूला असलेला ग्लूटिअस मीडिअस आकाराने लहान असूनही प्रत्येक पावलाला राबतो. एका पायावर उभे राहून त्याच बाजूच्या कमरेच्या हाडाखाली बोटे दाबली तर तो दगडासारखा टणक लागतो, कारण उचललेल्या पायाच्या बाजूचे ओटीपोटाचे हाड खाली पडू नये म्हणून तो दुसऱ्या टोकाकडून खेचून धरत असतो. तो दुबळा झाल्यास ती बाजू खाली झुकते आणि चाल हेलकावणारी होते. फ्रीड्रिश ट्रेन्डेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ साली या लक्षणाचे वर्णन केले आणि आजही ही तपासणी त्याच्या नावाने होते. ढुंगणावर इंजेक्शन द्यायचे तर त्याचे चार भाग कल्पून वरच्या बाहेरच्या भागातच द्यावे, असे परिचारिकांना शिकवले जाते, ते पायाकडे जाणारा सायटिक मज्जातंतू खालच्या आतल्या भागातून जातो म्हणून.

मांडीच्या पुढचा चार स्नायूंचा समूह, क्वाड्रिसेप्स, गुडघ्याच्या वाटीवरून नडगीच्या हाडाला धरतो आणि बैठका मारणाऱ्याचा गुडघा सरळ करतो. याच समूहातील मांडीच्या बाहेरच्या अंगाचा व्हास्टस लॅटरॅलिस तान्ह्या बाळांना लस देण्यासाठी निवडतात, कारण त्यांचा डेल्टॉइड अजून लहान असतो. मांडीवरून तिरपा, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत जाणारा सार्टोरियस हा शरीरातील सर्वांत लांब स्नायू. पंगतीत मांडी घालून बसताना पाय ज्या प्रकारे दुमडतो व बाहेर वळतो ती हालचाल घडवण्यात त्याचा हात असतो. मांडीमागचे तीन हॅमस्ट्रिंग बसण्याच्या हाडावरून निघतात आणि खुर्चीवर बसून टाच मागे दाबली की गुडघ्यामागे त्यांच्या कंडरा दोन्ही बाजूंना दोरीसारख्या हाताला लागतात, बाहेरची एकाची, आतली उरलेल्यांची.

पोटरीत वरचा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याखालचा सोलियस असे दोन स्नायू एकाच जाड कंडरेने टाचेला धरतात, पण पहिला गुडघ्याच्या वरून निघतो व दुसरा खालून. या एका फरकामुळे ते वेगळे ओळखता येतात. उभे राहून टाचा उचलल्या की दोन्ही काम करतात, तर बसून गुडघा वाकवून टाच उचलली की वरचा सैल पडतो आणि सोलियसच बहुतेक भार घेतो. तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसाचा तोल पुढे जाऊ न देणारा आणि पायातले रक्त वर ढकलणारा स्नायू तोच. नडगीच्या बाहेरच्या बाजूला असलेला टिबिआलिस अँटिरिअर उलट काम करतो, म्हणजे चवडा वर उचलतो.

ही ओळख उपयोगाची ठरते ती एखादा स्नायू काम करेनासा झाल्यावर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मज्जातंतू तुटलेल्या सैनिकांच्या तपासणीसाठी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणींत मोजण्याची पद्धत रूढ केली. मुळीच आकुंचन नाही ती शून्य, नुसते स्फुरण दिसते ती एक, गुरुत्वाकर्षणाचा भार काढल्यावर हालचाल होते ती दोन, त्याविरुद्ध होते ती तीन, परीक्षकाच्या हाताच्या विरोधाला थोडेफार तोंड देते ती चार आणि पूर्ण ताकद ती पाच. आजही रुग्णाच्या कागदावर याच आकड्यांनी नोंद होते. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होऊन हाताचे छोटे स्नायू लुळे पडतात आणि बोटे आकड्यासारखी वळतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा हातांवर शस्त्रक्रिया केल्या त्या मनगट उचलणाऱ्या स्नायूंसारख्या शाबूत राहिलेल्या एखाद्या स्नायूची कंडरा सोडवून बोटांना जोडण्याच्या. कोणता स्नायू काढून घेतला तर मूळचे काम अडणार नाही आणि तो नव्या जागी कोणत्या दिशेने ओढेल, हे अचूक ठाऊक असल्याखेरीज अशी शस्त्रक्रिया करता येत नाही.

तक्त्यावरचे शरीर मात्र कोणा एकाचे नसते. अंगठा आणि करंगळी यांची टोके जुळवून मनगट किंचित वाकवले असता मनगटाच्या मध्यावर उभी राहणारी पामारिस लाँगसची कंडरा अनेकांना असते, काहींना एकाच हातात असते, तर काहींना मुळीच नसते आणि त्यांचे काही अडतही नाही. म्हणूनच शल्यविशारद ती काढून दुसरीकडे बसवतात. अशी भिन्नता पुस्तकातून कळत नाही, ती एकामागून एक शरीरे उलगडून पाहावी लागतात, आणि जिवंत माणसाच्या त्वचेवरून स्नायूचे काम जाणवले तरी त्याची दोन टोके विच्छेदनातच दिसतात. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली बेवारस मृतदेह आणि देहदानातून मिळालेले देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची तरतूद आहे. देहदानाचा अर्ज भरणाऱ्याने तो घरच्यांच्या कानावर घालावा आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा दूरध्वनी क्रमांक त्यांच्यापाशी लिहून ठेवावा, कारण मृत्यूची वर्दी देण्याचे आणि देह वेळेत पोचवण्याचे काम शेवटी त्यांनाच करायचे असते.